हिबिनो सरांचं फॉस्फेट

जपानमधल्या ओकाझाकीच्या टेकडीवरल्या संशोधन संस्थेत तोमोए कुसाका संगणकावर काम करते. सकाळी देव्हाऱ्यातल्या बुद्धापुढे वाफाळत्या भाताची वाटी ठेवायची, हात जोडायचे आणि मगच घराबाहेर पडायचं, हा तिचा नेम. त्या मार्चात मात्र तिने मागणंही मागितलं होतं. तिचे मार्गदर्शक हिबिनो सर निवृत्त होत होते आणि त्यांची नजर अधू होत चालली होती. ती विझण्याआधी त्यांना उत्तर दिसू दे. जमलं तर निरोपाच्या व्याख्यानाआधीच.

सरांचं आयुष्य एका प्रश्नापायी गेलं. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनांचे मणी एकमेकांत गुंफून बारीक धागे होतात. मणी इंधन जाळतो, आणि त्यातून उरलेलं फॉस्फेट मात्र बराच वेळ पोटाशी धरून बसतो. ते सुटलं की धागा विरायला मोकळा. पण सुटतं कुठून? डोळ्यांना दिसणारी गोष्ट नव्हे ती. म्हणून तोमोए त्या धाग्याचा अणू न् अणू संगणकात मांडायची आणि त्यांची हालचाल चालवून बघायची. फॉस्फेट आपणहून सुटेल म्हणून बसलं तर जन्म पुरत नाही; त्याला हलकी ओढ द्यावी लागते.

व्याख्यान जवळ आलं तशी तिने ओढ वाढवली, आणि फॉस्फेट बाहेर आलं. चित्रफीत घेऊन ती सरांकडे धावली. पडद्याला नाक लावून सरांनी ती पुन्हापुन्हा पाहिली.

"तोमोए, अगं, हे दारातून नाही गेलं. भिंत पाडून गेलंय."

तिचा चेहरा उतरला. "व्याख्यानात दाखवायला काहीतरी हवं होतं, सर."

"इतक्या जोरात ओढलंस तर मीही या भिंतीतून निघेन. मग निरोप समारंभ कशाला?"

व्याख्यानात सरांनी उत्तराची जागा कोरीच ठेवली. पुढचं कुसाकाबाई सांगतील, एवढंच बोलून फुलांचा गुच्छ घेऊन ते घरी गेले. मागच्या रांगेत तोमोएने मान वर केली नाही.

मग तिने घाई सोडली. ओढ अगदी नाममात्र ठेवून ती चहूबाजूंनी वाट शोधू लागली. धाग्याच्या टोकाच्या मण्याचं दार सताड उघडं सापडलं. मधल्या मण्यांचं मात्र बंद. दाराशी प्रथिनाच्या दोन फांद्या एकमेकींचा हात धरून उभ्या, क्वचितच सोडणाऱ्या. जूनच्या पावसात हायड्रेंजियाची निळी फुलं फुलली तेव्हा ती संगणक काखोटीला मारून सरांच्या घरी गेली.

सर पडद्यावर वाकले, आणि मागे सरले. "सगळं धुकं दिसतंय गं. तूच सांग."

उशीर झाला होता. तरी ती त्यांच्या शेजारी सरकून बसली.

"मधला मणी आहे, सर. फांद्यांनी हात धरलाय... अजून धरलाय... आता सैल झाला. फॉस्फेट दाराशी आलं. वळलं. गेलं."

"भिंत?"

"शाबूत आहे."

सरांनी चष्मा काढला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि पडद्याच्या दिशेने जरा वाकून नमस्कार केला.

"जा बाबा," ते म्हणाले. "फार दिवस राहिलास."