दत्ता वाकला ती रेघ

लेकीच्या शाळेच्या मैदानावर आज फक्कीनं रेघा आखत होते. तो चुनकट वास आला आणि दत्ता आठवला.

आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमला त्या अख्ख्या सीझनमध्ये एकही गुण मिळाला नव्हता. शेवटच्या सामन्यात हिंजवडीचा दत्ता, मूळचा कबड्डीवाला, चेंडू काखेत मारून सगळ्यांना चुकवत सुसाट निघाला. गुणासाठी समोरच्यांची शेवटची रेघ तेवढी ओलांडायची होती. तिथे तो थांबला, वाकला आणि रेघेला शिवलेला हात त्यानं कपाळाला लावला. तेवढ्यात मागून तिघे त्याच्यावर कोसळले.

"अरे, नमस्कार कसला करतोस?" मी ओरडलो.

मातीनं माखलेला दत्ता शांतपणे म्हणाला, "दुसऱ्याच्या अंगणात असंच घुसायचं व्हय?"

तेव्हा आम्ही सगळ्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता.

आज लेक मैदानात उतरताना मी एवढंच म्हणालो, "आधी रेघेला नमस्कार कर."