सांधा लागला

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही, आणि तिला तर वाटतं की माझं सगळं तिला माहीत आहे. आज तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका.

माझा हात चांगला होता — हे आधी सांगून टाकतो, कारण ते खरंच आहे. साठ सालाच्या आसपास मी बडनेऱ्याला बुकिंग क्लार्क होतो. क्वार्टरच्या मागच्या पडवीत एका लांब टेबलावर मी बडनेऱ्याचंच अख्खं स्टेशन छोट्या आकारात उभं केलं होतं. वडील तिथे नोकरीला असतानाचं, माझ्या लहानपणीचं. चावीचं विलायती खेळण्यातलं इंजिन अकोल्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं, वयानं माझ्याहून मोठं. त्याची तुटकी स्प्रिंग काढून मी भिंतीवरच्या घड्याळाची कापून बसवली. दुसऱ्या कोणी बसवून दाखवावी.

पण जुनं स्टेशन नेमकं कसं होतं, हे मला कुठे आठवत होतं? ते आठवत होतं संपतकाकांना. काका तिथलेच रिटायर झालेले सांधेवाले. गाडी कुठल्या रुळावर वळणार, ते त्यांच्या हातात असायचं. तीस वर्षांत एकही सांधा चुकला नाही, हे ते भेटेल त्याला सांगत. माझ्या टेबलावरचे सांधे त्यांनी जागच्या जागी बसवून घेतले आणि दर रविवारी येऊन त्यांच्या दांड्या स्वतः ओढू लागले. नियमही त्यांचाच — "सांधा लागला, बाबूजी" असं त्यांनी म्हटल्याशिवाय मी इंजिन सोडायचं नाही.

एका रविवारी मी ऑफिसातल्या मंडळींना बघायला बोलावलं. सकाळी एक सांधा उघडून साफ केला. दांडीपासून सांध्यापर्यंत सायकलचा आरा जात होता, तो परत जोडला — उलट्या बाजूनं. तपासलं नाही. माझ्या हातचं काम, तपासायचं कशाला?

गर्दीत काकांना तो सांधा दिसत नव्हता. खऱ्या रुळावर ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलले नसते, पण माझ्या कामावर त्यांचा भरवसा होता. त्यांनी दांडी ओढली. "सांधा लागला, बाबूजी." मी इंजिन सोडलं. ते भलत्याच रुळावर वळलं, टेबल संपलं तरी थांबलं नाही, आणि फरशीवर पडून चेपलं.

मला त्याच क्षणी कळलं. सकाळी उलटा जोडलेला आरा डोळ्यांसमोर आला. सगळे काकांकडे बघत होते, आणि काका स्वतःच्या हाताकडे. त्यांच्या घरानं दोन-चार वर्षांपूर्वीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. मी त्यांना बरोबरीनं खुर्ची देतो, हे मंडळींतल्या दोघातिघांना खुपत होतंच. चूक कोणाची, हे त्या दोघातिघांना फार लवकर पटलं. पटेल, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. मी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मोठ्या मनानं म्हणालो — "होतं असं, काका."

मंडळी गेल्यावर आरा सरळ जोडला. दुसऱ्या दिवशी काका आले. दांडी दोनदा ओढून पाहिली. सांधा बरोबर लागत होता. "माहीच चूक झाली, बाबूजी," म्हणाले आणि गेले. नंतर रस्त्यात भेटत, हसत, पण टेबलाशी कधी आले नाहीत. तीस वर्षांचं ते वाक्यही मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

इंजिन मी महिन्याभरात दुरुस्त केलं. अजून चालतं.

काका गेले तेव्हा घरी भेटायला गेलो. काकूंनी चहा दिला. म्हणाल्या, "मरेपर्यंत सांगत होते — जन्मात एकच सांधा चुकला माहा, पन बाबूजी चार लोकांत एक शब्द बोलले नाही मले. पोटात घातलं त्यायनं."

लाज वाटली. फार वाटली. खरं सांगायला याहून चांगली वेळ कुठली होती? मी कप खाली ठेवला आणि म्हणालो —

"होतं असं, काकू."