पुसलेले व्हॉल्व्ह

जुन्या रेडिओत असतात त्या बल्बसारख्या व्हॉल्व्हची काच ओल्या फडक्याने पुसायची नसते. हे मला कळलं तेव्हा सहाच्या सहा व्हॉल्व्ह मी लख्ख पुसून ठेवलेले होते.

आमचं घर डोंबिवलीत, औद्योगिक वसाहतीला लागून. खिडकी उघडी राहिली की तासाभरात टीपॉयवर पूड बसायची, कधी पिवळट, कधी गुलाबी. तक्रार करायला गेलं की प्रदूषण खात्यातले साहेब म्हणायचे, पुरावा आणा. पुरावा आमच्या फडक्यांवर होता, पण फडकं कोण दाखल करून घेणार? त्यामुळे आमच्यात बाहेरून आलेली वस्तू, मग ती भाजी असो की मिठाईचा पुडा, आधी पुसायची आणि मग ठेवायची. कुणाला सांगावं लागायचं नाही. हात आपोआप फडक्याकडे जायचा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. खाडीत सोडलेल्या रसायनांच्या पाण्याविरुद्ध आमची पाच-सहा जणांची समिती होती आणि तिची पत्रकं मी लिहायचे. जळजळीत लिहायचे. त्यातलं एक पत्रक कोळशेतच्या कोळीवाड्यात वाटलं तेव्हा एका मावशीने ते उलटंसुलटं करून पाहिलं, त्यात मूठभर सुकट बांधली आणि पुडी मलाच परत दिली. म्हणाली, ने घरी, चटणी कर. तिला वाचता येत नव्हतं. वाड्यातल्या बऱ्याच जणींना येत नव्हतं. दोन वर्षं मी कुणासाठी लिहीत होते, हा प्रश्न त्या सुकटीच्या वासासकट घरी घेऊन आले.

त्याच मावशीला बोलताना ऐकलं आणि कॅसेटची कल्पना निघाली. चाळीस वर्षं बाजारात मासळी विकलेला आवाज. कानात सांगितल्यासारखं सुरू करायची आणि मधेच असा आसूड ओढायची की समोरचा दचकायचा. पाण्यावर पांढरी पोटं वर करून आलेल्या माशांची सकाळ ती सांगायची तेव्हा माझी सगळी पत्रकं रद्दी वाटायची. ही कॅसेट खाडीकाठच्या गावागावात भोंग्यावर वाजवायची, आणि आमच्या तक्रारीच्या सुनावणीला साहेबांच्या टेबलावर ठेवायची, असं ठरलं.

पण वेळ नव्हता. मावशीच्या घशात गाठ निघालेली. डॉक्टरांनी ऑपरेशनला पुढचा मंगळवार दिलेला, आणि स्वरयंत्र काढावं लागेल हे स्पष्ट सांगितलेलं. म्हणजे मंगळवारनंतर तो आवाज नाही. कुणाकडेच नाही.

ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर एक स्टुडिओ होता. भजनं, हळदीची गाणी, असं काम. चालवणारे गृहस्थ साठीला आलेले, सगळे त्यांना काका म्हणायचे. दोन मोठ्या स्टुडिओंनी विषय ऐकताच हात वर केलेले. काकांनी फक्त विचारलं, बाई किती वेळ बोलू शकतात? गुरुवारी आम्ही गेलो. मावशी तिसऱ्या मिनिटाला चढ्या आवाजात गेली आणि काकांच्या कपाटाएवढ्या यंत्रातून फडफड झाली, मग धूप जळाल्यासारखा वास आला. काकांनी टेप थांबवली.

ते यंत्र म्हणजे कॉम्प्रेसर. मोठा आवाज दाबायचा, बारीक वर उचलायचा, दोन्ही एका पातळीला आणायचे, एवढंच त्याचं काम. काकांनी ते एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या भंगारातून आणलेलं. त्याच्याशिवाय मावशीची कॅसेट निघणार नव्हती: कुजबूज खरखरीत बुडाली असती आणि ओरडणं भोंग्यावर फाटलं असतं. आत दोन व्हॉल्व्ह होते. एक गेलेला, दुसरा जाण्याच्या बेतात. हे व्हॉल्व्ह बनायचे बंद होऊन वर्षं झालेली.

“जोडी लागेल,” काका म्हणाले. “एका ताकदीची. बैलासारखं आहे हे. एक म्हातारा, एक तरुण जुंपला तर दाब पडला की दर वेळी धप् ऐकू येतं.”

शुक्रवारी मी कल्याणला एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे गेले. काकांनीच पत्ता दिलेला. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, आता टीव्ही दुरुस्त करायचे, पण माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह जपून ठेवलेले. नंबर सांगितल्यावर त्यांनी डबा उतरवला आणि विचारलं, ताई, या आजोबांना आता कुठे कामाला लावताय? मी खाडीचं सांगितलं तर माझं पूर्ण भाषण ऐकून घेतलं आणि सहा व्हॉल्व्ह काढून दिले. दोन लाल दोऱ्याने एकत्र बांधलेले. हीच जोडी, टेस्टरवर लावून पाहिलेली आहे, म्हणाले. बाकीच्या चारांत एक त्याच नंबरचा सुटा, तीन दुसऱ्याच नंबरांचे, काकांना कधी लागले तर.

घरी आले. डब्यातली वर्षानुवर्षांची धूळ त्या काचांवर होती. दोरा सोडला, ओलं फडकं घेतलं, एकेक काच पुसली. कंदिलाची काच पुसावी तशी, हाआ करून. मग सहाही कापसात ओळीने लावले. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

रविवारी सकाळी काकांनी कापूस उलगडला. एक व्हॉल्व्ह उचलून बोटांत फिरवला, खिडकीपाशी नेला, ठेवला. दुसरा उचलला. त्यांनी शांतपणे विचारलं की यांच्यावरचे नंबर कुठे गेले. नंबर काचेवर छापलेले असतात, आणि ती शाई ओल्या बोटानेही निघते, हे तेव्हा मला समजलं. सहा काचा, सहांना नऊ-नऊ पाय, आणि कुठला कोण ते कळायला मार्ग नाही. चुकीचा बसवला तर आवाज बिघडतो. एखाद्याचे पाय आतून वेगळे जोडलेले असतात, तो बसवला तर यंत्रच जळतं.

“त्या कल्याणवाल्याने असेच दिले तुम्हाला?” काकांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. खोटं कशाला बोलू, ‘हो’ माझ्या जिभेवर आलेलं होतं. दोष दुसऱ्यावर टाकायची मला सवय होती, दोन वर्षं मी तेच छापत होते. तिथे दोष खरोखर दुसऱ्यांचा होता, एवढाच फरक. रेकॉर्डिंगच्या खोलीत, मधल्या काचेपलीकडे मावशी स्टुलावर बसलेली. आवाज जपायला तिला बोलू नका म्हणून सांगितलेलं, त्यामुळे ती पदर तोंडाला लावून आमच्याकडे बघत होती.

“मी पुसले,” मी म्हटलं. “घरी.”

काकांनी सहाही व्हॉल्व्ह पुन्हा कापसात गुंडाळून डब्यात ठेवले आणि डबा माझ्या हातात दिला. खोपटहून कल्याणची एसटी पकडली. हातातला डबा छातीशी धरून बसले, आणि प्रत्येक थांब्यावर वाटत होतं की मावशीचा आवाज तिकडे थेंबाथेंबाने चाललाय. कल्याणच्या गृहस्थांनी डबा उघडून माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि डोंबिवली का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. त्यांच्या बहिणीचं सासर तिथलंच होतं; ती माहेरी आली की यांचे स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा पुसून ठेवते म्हणे. मग भिंग घेऊन त्यांनी एकेक व्हॉल्व्ह उजेडात धरला. आतली जाळी, पत्र्याची घडण बघून तीन वेगळे काढले. हे तीन नक्की तुमच्या नंबरचे, म्हणाले. पण या तिघांतली जोडी कुठली, ते सांगणं त्यांना शक्य नव्हतं. टेस्टर गेल्याच महिन्यात बंद पडलेला.

परत पोचायला दुपारचे दोन वाजले. काका यंत्र उघडून तयारच बसले होते. तीन व्हॉल्व्ह, दोन जागा. एक जोडी बसवायची, तापू द्यायची, टाळी वाजवून बघायचं. पहिल्या जोडीला प्रत्येक टाळीमागे धप्. दुसरीला त्याहून जास्त. तिसरीला कमी, पण होतंच. काका म्हणाले, हेच तास-दीड तास तापत ठेवले आणि आतली जुळणी हळूहळू फिरवली तर धप् जाईल. पण काचेपलीकडे मावशी खोकत होती आणि खोकल्यानंतर पाणी मागितलं तो आवाज सकाळचा नव्हता.

मला चूक सहन होत नाही. पत्रकात एक वेलांटी चुकली तर मी सगळा गठ्ठा परत छापायला लावलेला आहे. आणि इथे साहेबांच्या टेबलावर धप् धप् करणारी कॅसेट ठेवायची? हसतील. थांबलो तर दुपारी चारला आवाज असेल का? मी काकांना म्हणत होते की अर्धा तास थांबू, नाही, वीस मिनिटं, आणि काका म्हणत होते तुम्ही ठरवा, पण लवकर ठरवा.

काचेपलीकडे बोलायचा आमच्या खोलीतला माईक चालूच राहिलेला. मावशीला सगळं ऐकू जात होतं.

“मना कोनी इचारला का?” ती म्हणाली.

मी काचेकडे वळले.

“आवाज माजा जातंय. तुमी दोगां भांडताव कशाला? लाव ती पेटी.”

काकांनी टेप लावली. मावशी बावीस मिनिटं बोलली. मी धप् मोजत होते आणि मग केव्हातरी मोजायचं राहिलं. शेवटी शेवटी ती माशांच्या सकाळीवर आली तेव्हा आवाज फुटून दोन आवाज झाल्यासारखा येत होता, तरी ती थांबली नाही. डेपोतून एक गाडी गुरगुरत गेली, तीही टेपवर आहे.

संपल्यावर मला पुन्हा एकदा हवं होतं. रिळावर टेप शिल्लक होती, मधला भाग परत घेता आला असता, तेवढा घसा तिच्याकडे अजून आहे असा माझा हिशेब. मी माईकचं बटण दाबायला गेले तर मावशीच बोलली. ऱ्हायलीय का त्यात जागा? काका म्हणाले, पंधरा मिनिटं. मग ती पंधरा मना दे, घरच्यांसाठी, ती म्हणाली, आन तुमी आयकू नका.

माझ्या तोंडावर काय उमटलं असेल ते काकांनी पाहिलं. पंधरा मिनिटं चळवळीची होती, असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं.

काकांनी कॉम्प्रेसरची वायर काढून माईक सरळ टेपला जोडला. घरचे ऐकणार आहेत तर आहे तसा जाऊ दे, म्हणाले. मग आमच्या खोलीतले स्पीकर बंद केले आणि मावशीला हाताने खूण केली.

काचेपलीकडे तिचे ओठ हलायला लागले. मी मान फिरवली. समोर टेपच्या यंत्रावरचा, आवाज किती मोठा ते दाखवणारा काटा होता: जरा थरथरला, बराच वेळ खालीच राहिला, आणि मग एकदम तांबड्यात गेला. आवाज कमी करायचं बटण हाताशीच होतं, पण काकांनी हात गुडघ्यावरच ठेवले.