टोपली संपेपर्यंत टुकटुक

अमडापूरच्या मैदानावर मी बॅट घेऊन उतरलो की पोरं ओरडायची, "आला रे टुकटुक!" आलेला बॉल मारायचा नाही, नुसता पायाशी दाबायचा, एवढंच माझं क्रिकेट. आमचाच कॅप्टन खेकसायचा, "मारत काऊन नाही बे? बॉलचा पंचनामा करून राह्यला का?"

अख्ख्या मैदानात माझ्या बाजूची एकच होती, बाभळीखाली बसणारी फुटाणेवाली म्हातारी. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मी बॉल अडवला की ती भाकर थापल्यासारखे हात हलवायची आणि खणखणीत ओरडायची, "थाप बाबू, थाप!" मला वाटायचं, चला, खेळ कळणारं एक तरी माणूस इथे आहे.

एका रविवारी आमच्या आठ विकेट गेल्या होत्या आणि मी इमानदारीत टुकटुक करत होतो. तेवढ्यात म्हातारी उठली. तिनं टोपली उलटी करून झटकली, डोक्यावर पालथी घातली आणि हाक दिली, "बाबू, खपले फुटाणे! आता मार, नाही तं होय आऊट!"

माझी बॅट कशी फिरली, मलाच कळलं नाही. मागे तिन्ही दांड्या आडव्या.

मान खाली घालून परतलो, तर ती वाटेतच उभी. पदराच्या गाठीत माझ्यासाठी राखलेले मूठभर फुटाणे हातावर ठेवत तिनं हळूच विचारलं, "पुढच्या ऐतवारी दोन टोपल्या आनतो. जमन ना?"