स्वल्पा विकायची आहे

'स्वल्प' हा शब्द 'सु' आणि 'अल्प' यांच्या संधीतून झाला. अर्थ, अगदी थोडे. मराठीत तो आता जवळजवळ स्वल्पविरामापुरताच उरला आहे. बेंगळुरात मात्र तो रिक्षावाल्यापासून फुलवालीपर्यंत सर्वांच्या तोंडी असतो, आणि किती थोडे म्हणजे स्वल्प, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे असते.

जयनगरातले माझे शेजारी दत्तोपंत, निवृत्त अभियंते, यांनी आपल्या जुन्या छोट्या गाडीचे नाव 'स्वल्पा' ठेवले. आकाराने अल्प म्हणून, असे ते सांगतात. वाटेत वारंवार विराम घेते म्हणून, असे आम्ही म्हणतो! बंद पडलेल्या गाडीत बसलेल्यांना बोलण्यावाचून दुसरे काम नसते. त्यामुळे चालणाऱ्या गाडीपेक्षा थांबणाऱ्या गाडीचे किस्से फार साचतात.

*

एकदा भर चौकात, दिवा हिरवा होताच, स्वल्पा थांबली. मागे भोंग्यांचा कल्लोळ. वाहतूक पोलीस धावत आला, "एनायतु सर?" काय झाले?

दत्तोपंतांचे कन्नड बेताचे. ते गांभीर्याने उत्तरले, "स्वल्पविराम!"

कन्नडातही विराम म्हणजे विश्रांतीच. पोलिसाने दत्तोपंतांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि तो समजुतीने म्हणाला, "सरी सर. विराम आयतु. ईग होरडी!" झाली विश्रांती, आता निघा!

आणि गाडी निघाली! दोन भाषांत एकाच वेळी इतका अचूक बसलेला शब्द मी पुन्हा ऐकलेला नाही.

*

स्वल्पाचे मागचे डावे दार आतून उघडत नाही. एचएसआर लेआउटमध्ये राहणारा माझा भाचा मिहिर प्रथमच तिच्यात बसला. उतरायच्या वेळी दत्तोपंत लगबगीने वळसा घालून आले आणि त्यांनी दार उघडले. मिहिर संकोचून गेला. "काका, प्लीज! इतका रिस्पेक्ट कशाला?"

"हा आदर नव्हे रे," दत्तोपंत म्हणाले, "खटका तुटलाय!"

*

रंगण्णा आमचे तिसरे स्नेही. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपासून इथले, मराठी कन्नडाळलेले. एका सकाळी गाडी अडली तेव्हा ते बाही सरसावून म्हणाले, "स्वल्प ढकलूया की, अण्णा!"

आम्ही ढकलू लागलो. बाजार मागे पडला, उद्यान मागे पडले, देऊळही मागे पडले. मला राहवेना. धापा टाकत मी म्हणालो, "रंगण्णा, स्वल्प म्हणजे अगदी थोडे. सु अधिक अल्प!"

"ते तुमच्या पुस्तकात," रंगण्णा गाडीवरचा हात न काढता म्हणाले. "आमच्यात स्वल्प म्हणजे मोजायचं नाही!"

*

दत्तोपंतांच्या पत्नी मालतीबाई या गाडीवर उघड रुष्ट. एका मुंजीला पतिपत्नी दोघेच जाताना स्वल्पा वाटेत थांबली. बाई उतरल्या, रिक्षा थांबवली, आहेराची पिशवी आत ठेवली आणि पतीला म्हणाल्या, "मी होते पुढे. तुम्ही दोघं या सावकाश!"

*

अखेर त्यांच्या मुलीने, केतकीने, विषय निकालात काढला. आईवडिलांसाठी तिने नवी गाडी घेतली. इमारतीत जागा एकाच गाडीची. स्वल्पाने जायलाच हवे. "बाबा, रविवारी माणूस येतोय बघायला. प्लीज, नाही म्हणू नका."

दत्तोपंत नाही म्हणाले नाहीत. आठवडाभर रोज गाडी पुसत राहिले. याच गाडीतून त्यांनी केतकीला शाळेच्या पहिल्या दिवशी पोहोचवले होते.

रविवारी देवनहळ्ळीहून एक सज्जन गृहस्थ आले. घरच्या शेतातली भाजी बाजारात न्यायला त्यांना लहान गाडी हवी होती. दत्तोपंत त्यांच्या शेजारी बसले. मागे मालतीबाई आणि मी. आणि त्या दिवशी स्वल्पा अशी धावली, की जणू दुसरीच गाडी! एकही विराम नाही. गृहस्थ खूश. परत दारात येऊन त्यांनी रिवाज म्हणून विचारले, "प्रॉब्लम एनादरू इदेया?" काही तक्रार आहे का?

मग गाडीत एकच शब्द उमटला, "स्वल्प."

गृहस्थ अस्सल बेंगळूरकडचे. ते सावकाश उतरले, गाडीला एक प्रदक्षिणा घातली, किल्ली अदबीने टपावर ठेवली. "सरी. मनेल्लि केळि हेळ्तीनि." घरी विचारून सांगतो. ते पुन्हा आले नाहीत.

नवी गाडी आता केतकीच आपल्या घरी ठेवून वापरते. स्वल्पा आपल्या जागी उभी आहे.

हा किस्सा आमच्या मंडळींत हटकून सांगितला जातो, आणि हटकून चुकीचा. दत्तोपंतांनी तो शब्द मुद्दाम योजला, असे सगळे सांगतात. मी मागच्या सीटवर होतो. दत्तोपंतांनी "काही नाही, उत्तम आहे" म्हणण्यासाठी तोंड उघडले होते. "स्वल्प" म्हणाल्या त्या मालतीबाई.