साक्षगंधाचा घागरा, सेलमधला

सेलमध्ये कपडा घ्यायचा तर आधी उलटा करून पाहावा, हे मी अमरावतीतल्या निम्म्या बायकांना शिकवलंय. खोडलेली किंमत वाचूच नये, ती खोडण्यासाठीच छापलेली असते. काखेची शिवण ओढून पाहावी, चेन तीनदा वरखाली करावी आणि रंग दुकानाच्या दिव्यात नव्हे, दारात नेऊन बघावा. दुकानदार तोंड वाकडं करतो. करू द्यावं.

तरी त्या दिवशी अकोल्याला जाताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आठ दिवसांवर आलं होतं. वर्षापूर्वी ठरलेलं पहिलं स्थळ साक्षगंधाच्या चार दिवस आधी फोनवरच मोडलं. तेव्हापासून फोन वाजला की उचलण्याआधी मी देवाचं नाव घेते. या वेळी कशाला नाट लागू नये, एवढंच मला हवं होतं.

डिझायनर कपड्यांचा उरलेला माल काढायला लावलेला सेल, म्हणजे बायकांची नुसती ओढाताण. त्यातून मुलीने एक डाळिंबी घागरा ओढून काढला, घालून आली आणि आरशासमोर हसली. वर्षभरात ती अशी हसली नव्हती.

तिने घागरा काढून दिल्यावर मी सवयीने उलटा केला. नाडीजवळ, आतल्या बाजूला हळदकुंकवाचं बोट होतं. नवं कापड अंगावर घालण्याआधी कोपऱ्याला आपण लावतो तेच. म्हणजे कोण्या आईने पोरीसाठी ते लावलं होतं, आणि घागरा दुकानात परत आला होता. का आला, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"काय झालं?"

"काई नाई. शिवण पाहून राहिली."

बिल होईपर्यंत मी त्या डागावर अंगठा दाबून ठेवला. पोरीचं हसू हिसकावून घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या बसमध्ये मात्र मला बसवेना. पिशवी मांडीवर घेतली, वर ठेवली, पुन्हा काढली. खिडकी उघडली, लावली. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली तशी मी म्हणाले, "चाल, उतर. हा वापस करू. रंग जाईन याचा."

"रंगाचं कावून सांगून राहिली, आई? कुंकू मले ट्रायल रूममधीच दिसलं."

"दिसलं तरी घेतला? पागल झाली का तू? कोणाचं मोडलेलं अंगावर घालतात का?" मी इतकी ओरडले की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली.

तिने पिशवी माझ्याकडून काढून घेतली. "मागच्या साली आपण माहा घागरा वापस नव्हता केला? त्यालेबी तू कुंकू लावलं होतं. मंग ओल्या फडक्यानं घासून घासून पुसलं."

खरं होतं. पुसून, हातही लावला नाही असं दुकानदाराला सांगून मी तो परत केला होता. पुढे तो कुणाच्या अंगावर गेला, हा विचार वर्षभरात एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

बस सुटली. खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "जिनं तो घेतला असन, तिचं चांगलं झालं असन न, आई?"

"झालं असन, माय," मी म्हटलं, आणि अमरावती येईपर्यंत त्या न पाहिलेल्या पोरीचंच भलं मागत बसले.