मिसळणाच्या डब्यातल्या गोळ्या

समस्त कुटुंबीयांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आज सकाळी नऊपासून या घरातला मिसळणाचा जुना डबा जप्त करण्यात आला आहे. त्याला हात लावणाऱ्याचा चहा बंद.

हे फर्मान मी पळीने पातेलं बडवून जाहीर केलं. श्रोते दोन, नवरा आणि सासूबाई.

त्या डब्याच्या सात वाट्यांत मोहरी-हळद नव्हती, सासूबाईंच्या गोळ्या होत्या. युक्ती त्यांच्या मनमाडच्या बहिणीची. गोळ्या आणल्या की पाकिटातून सोडवायच्या, पाकीट कचऱ्यात टाकायचं आणि रंगाप्रमाणे वाट्या भरायच्या. रोज सकाळी प्रत्येक वाटीतली एक. आम्ही कौतुकाने बघत होतो. दिसायचंही छान.

पण पंधरा दिवस त्यांना उठलं की गरगरत होतं. आदल्या दिवशी तर ओटा धरून खालीच बसल्या. नवऱ्याने निकाल दिला, मनमाडला एकटीने जाणं बंद. वर्षातून एकदा नाशिक रोडला गाडीत बसून एकटीने बहिणीकडे जायचं, हा त्यांचा एवढाच काय तो हट्ट. त्यांनी भरलेली बॅग फक्त पलंगाखाली सरकवली.

मला ते बघवेना. मी पदर खोचला. पंजाबी ड्रेसला पदर नसतो, पण अशा वेळी खोचावा लागतो.

डबा घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं.

"वहिनी, सुट्या गोळ्या बघून मी काही सांगणार नाही. पाकिटं आणा, डॉक्टरांची चिठ्ठी आणा."

सुक्या कचऱ्याची पिशवी नशिबाने अजून घंटागाडीत गेली नव्हती. ती मी हॉलमध्ये पेपरवर ओतली आणि नवऱ्यालाही खाली बसवलं. दोन पाकिटं निघाली. मोठ्या अक्षरांतली नावं वेगळी. खालची अक्षरं मुंगीएवढी, म्हणून मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. आतलं औषध एकच, ताकदही तीच.

मग उलगडा झाला. आईला त्रास नको म्हणून नवरा महिन्याभरापासून रक्तदाबाची गोळी मोबाइलवरून मागवत होता. सासूबाई सवयीने फिरून येताना चिठ्ठी दाखवून दुकानातून आणत होत्या. कंपन्या दोन, त्यामुळे एक गोळी पांढरी, एक गुलाबी. रंग दोन म्हणून वाट्या दोन. औषध रोज दुप्पट पोटात.

मला गुलाबी वाटी तिथल्या तिथे मोरीत उपडी करायची होती. पण काय थांबवायचं ते मी कोण ठरवणार? डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी लगेच बोलावलं. रक्तदाब फारच उतरला होता. त्यांनी रक्तदाबाची एकच गोळी ठेवली. सासूबाईंनी पर्समधून वही काढली आणि प्रत्येक औषधाचं आतलं नाव, ते कशासाठी, चुकलं तर काय करायचं, सगळं विचारून ठळक अक्षरांत लिहून घेतलं. बाहेरचे पेशंट ताटकळले, पण त्या हलल्या नाहीत.

दोन आठवड्यांनी गरगरणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा. पलंगाखालची बॅग नवऱ्यानेच ओढून काढली आणि स्टेशनवर पोचवली.

त्याच संध्याकाळी मनमाडहून व्हिडिओ कॉल आला. सासूबाई चष्मा लावून, वही उघडून बसलेल्या. शेजारी मावशी, मांडीवर त्यांचा डबा, त्यात नवरा-बायको दोघांच्याही गोळ्या. सासूबाईंनी हुकूम सोडला, एकेक वाटी दाखव आणि कुणाची ते सांग. मावशींनी पिवळ्या गोळ्यांची वाटी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अगं, ही पिवळी तर ह्यांची. मग माझी कोण घेतंय?"